शिकवणारीचं शिकणं

 

आज एका तक्रारीपासून सुरुवात करू. आपण सकाळी भाकरी बांधून निंदणीला निघतो आणि समोरून शाळेतलं लेकरू सांगत येतं, "आज आमच्या मॅडम ट्रेनिंगला गेल्या." दोन शिक्षकांची शाळा असते. एक ट्रेनिंगला गेला की दुसऱ्यानं चारही वर्ग एकत्र बसवायचे, म्हणजे शिकवणं कमी आणि सांभाळणंच जास्त. मग नळावर आपलं बोलणं निघतंच: "नोकरी लागली, पगार चालू झाला, आता ह्यांचं आणखी काय शिकायचं राहिलं?"

ही तक्रार खोटी नाही, पण अर्धी आहे. आपल्या सासूनं पेरलेलं बियाणं वेगळं होतं, आपण पेरतो ते वेगळं. पाऊस बदलला, कीड बदलली, तसं आपणही शेतीचं नवीन शिकलो. मग लेकरं बदलली, पुस्तकं बदलली, तर शिकवणारीनं वीस वर्षांपूर्वीच्या शिदोरीवर कसं भागवायचं? शिक्षकानं शिकत राहायला पाहिजे हे नक्की. अडचण वेळेची आणि पैशाची आहे, आणि ती आजची नाही. आपल्या महाराष्ट्रात बायांनी ती कशी सोडवली त्याचा इतिहास आज सांगते. शेवटी त्यात आपल्या गटांचं काय काम आहे तेही बोलू.

पहिलं नाव अर्थातच सावित्रीबाई फुल्यांचं. सावित्रीबाईंवर शेण आणि चिखल फेकला गेला, हे आपण दर ३ जानेवारीला ऐकतो. पण त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहून जाते. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली जन्मलेल्या सावित्रीबाईंचं लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतिरावांनी त्यांना घरी शिकवलं. पण लिहिता-वाचता येणं वेगळं आणि दुसऱ्याला शिकवता येणं वेगळं. म्हणून सावित्रीबाईंनी शिकवण्याचं वेगळं शिक्षण घेतलं. अहमदनगरला फरार बाईंकडं आणि पुण्यात मिचेल बाईंच्या संस्थेत त्या शिकल्या. पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा १८४८ साली सुरू झाली. म्हणजे आपल्याकडं मुलींच्या शिक्षणाचा पाया घालणारी बाई आधी स्वतः विद्यार्थिनी होती, आणि तेही लग्नानंतर, संसार सांभाळून.

पुढं १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर साहेबांचा आयोग नेमला. जोतिरावांनी त्याला लेखी निवेदन दिलं. त्यात त्यांनी रोखठोक मांडलं की सरकारची तिजोरी कष्टकऱ्याच्या घामातून भरते आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणावर होतो. खेड्यातल्या शाळेचा शिक्षक शिकवण्याचं शिक्षण घेतलेला असावा, त्याचा पगार महिन्याला १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, आणि शेतकरी वर्गातून असे शिक्षक तयार करावेत की ज्यांना वेळ पडली तर नांगर धरायची लाज वाटणार नाही, असं त्यांचं मागणं होतं. बघा, चांगला शिक्षक पाहिजे असेल तर त्याच्या शिकण्यावर आणि पगारावर खर्च करावा लागतो, ही गोष्ट जोतिरावांनी १८८२ मध्येच सांगून ठेवली.

पण ट्रेनिंगच्या संस्था शहरात आणि शाळा खेड्यापाड्यांत. एकट्या पडलेल्या शिक्षकापर्यंत नवीन काही पोचवायचं कसं? त्यावर एक स्वस्त उपाय निघाला होता, तो मासिकाचा. १८६१ साली 'मराठी शालापत्रक' सुरू झालं. कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या बापलेकांनी काही वर्षं ते सांभाळलं. टपालानं अंक यायचा. ज्याला पुण्याला जाणं परवडत नव्हतं, त्याच्या हातात पुणं येऊन पडायचं. आज मोबाईलवर जे होतं, त्याची ही पणजी म्हणा.

आता जिच्यासाठी मी आज बोलायला बसले, त्या बाईकडं येते. तिचं नाव अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत नवरा वारला. त्या काळात अशा मुलीचं पुढं काय व्हायचं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आपल्या आज्या-पणज्यांनी ते पाहिलंय, काहींनी भोगलंय. पण अनुताई शिकल्या. त्यांनी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे त्या वेळची सातवीची परीक्षा दिली, पुण्यात प्राथमिक शिक्षिकेचं ट्रेनिंग पुरं केलं, आणि १९२९ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडकडं खेड्यातल्या शाळेत शिकवायला गेल्या. १९३३ मध्ये पुण्याच्या हुजूरपागा शाळेत नोकरी मिळाली.

इथं कुणीही म्हणालं असतं, बस झालं. विधवा बाई, स्वतःच्या पायावर उभी, पुण्यासारख्या ठिकाणी नोकरी, आणखी काय पाहिजे? अनुताईंना मात्र स्वतःच्या शिक्षणातली उणीव दिसत होती. त्या मॅट्रिक नव्हत्या. दिवसाची नोकरी सोडता येत नव्हती, कारण पोट त्यावर होतं. मग त्यांनी रात्रीची शाळा धरली. दिवसा मुलींना शिकवायचं आणि रात्री स्वतः बाकावर बसायचं. १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. पुढं १९६१ साली बी.ए. झाल्या, तेव्हा त्यांचं वय ५१ वर्षांचं होतं. आपल्या गटात ज्या बाया म्हणतात, "आता ह्या वयात काय शिकायचं," त्यांनी हा आकडा पदराला बांधून ठेवावा.

१९४५ साली मुंबईजवळ बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं एक शिबिर झालं. खेड्यात काम करणाऱ्या बाया तयार करायच्या म्हणून ते होतं. अनुताई तिथं गेल्या आणि त्यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली.

ताराबाईंचंही दोन शब्दांत सांगते. त्या १८९२ च्या, मुंबईच्या. १९१४ साली बी.ए. झालेल्या, म्हणजे त्या वेळी बायांत फारच मोजक्या. राजकोटच्या बायांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य होत्या. पुढं भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. इटलीच्या माँटेसरी बाईंची पद्धत त्यांनी अभ्यासली. माँटेसरी म्हणायच्या की लहान लेकरू हातानं वस्तू हाताळत शिकतं. त्यासाठी त्यांनी लाकडाची छान साधनं केली होती. पण ती साधनं महागडी. शहरातल्या पैसेवाल्यांच्या बालवाडीला ती परवडायची, खेड्यातल्या मजुराच्या लेकराला कुठून परवडणार? हा प्रश्न घेऊन ताराबाई समुद्राकाठच्या बोर्डी गावात गेल्या आणि १९४५ च्या अखेरीला तिथं बालवाडी सुरू केली. त्या वेळचा ठाणे जिल्हा, आता पालघर. हुजूरपागेची नोकरी सोडून अनुताई त्यांच्याबरोबर गेल्या.

आणि बोर्डीत काय झालं? बालवाडी उघडली, पण गरिबांच्या वस्तीतली लेकरं येईनात. आई-बाप पहाटे कामाला जायचे, मग लेकरांना धुवून-पुसून वेळेवर आणून सोडणार कोण? एखादी बाई म्हणाली असती, ह्या लोकांनाच शिक्षणाची आवड नाही. ह्या दोघींनी तसं म्हटलं नाही. लेकरं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. वस्तीतल्या अंगणात बालवाडी भरू लागली. आधी तोंड-हात धुणं, नखं, केस, मग गाणी, गोष्टी, खेळ. त्या अंगणातल्या वर्गाचं नाव पडलं अंगणवाडी. आज देशभर जो शब्द चालतो, २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेतून जो गावोगाव पोचला, त्याच्या मुळाशी ही बोर्डीची अंगणं आहेत.

साधनांचं काय केलं? दुकानातलं विकत आणणं परवडत नव्हतं, म्हणून समुद्राकाठचे शिंपले घेतले, खडे, पानं, फुलं, बिया, माती घेतली. मोजायला बिया, रंग ओळखायला फुलं, लहान-मोठं कळायला खडे आणि पानं. लेकराच्या मेंदूला लाकडाच्या महाग ठोकळ्यात आणि चिंचोक्यात फरक वाटत नाही. फरक पडतो तो शिकवणारीनं त्या चिंचोक्याचं काय करायचं हे शिकण्यानं. दहा चिंचोक्यांची एक ढिगोळी, अशा तीन ढिगोळ्या आणि वर चार सुटे, म्हणजे चौतीस, हे ज्या बाईला दाखवता येतं, तिच्या वर्गात पाढे रडत पाठ करावे लागत नाहीत.

१९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेलं. तिथं नवीन अडचणी आल्या. मोठी पोरं गुरं चारायला जात, म्हणून शिक्षक त्यांच्यामागं कुरणात गेले आणि गुरं चरताना शाळा भरली. तिला नाव दिलं कुरणशाळा. मोठ्या मुलींच्या कडेवर धाकटं भावंड असायचं, म्हणून त्यांची शाळा सुटायची. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी केली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. ह्या मांडणीला विकासवाडी म्हणत. मैत्रिणींनो, हे कुठल्या पुस्तकात तयार मिळालेलं नव्हतं. लेकरू का येत नाही हे बघायचं, काहीतरी करून पाहायचं, चुकलं तर बदलायचं, अशा रीतीनं ते उभं राहिलं. शिक्षकाचं शिकणं म्हणतात ते हेच. कोसबाडला बालसेविका घडवण्याचं कामही झालं, आणि 'शिक्षणपत्रिका' हे मासिक दूरच्या शिक्षकांपर्यंत जात राहिलं.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताईंनी २७ सप्टेंबर १९९२ ला प्राण सोडेपर्यंत कोसबाडचं काम केलं. बोर्डीला पाऊल टाकल्यापासून ती ४७ वर्षं झाली. सरकारनं ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि पुढं अनुताईंना पद्मश्री दिली.

आता आपल्या मुलखाकडं येऊ. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वरचं शिक्षण उर्दूतून होतं, आणि मराठी बोलणाऱ्या घरातल्या मुलीसाठी शाळा म्हणजे दुर्मीळ गोष्ट. पुण्यात भिडे वाड्यातली शाळा निघाली त्याच्यानंतर शंभर वर्षांनी आपण मोकळे झालो. म्हणजे आपल्या शाळांची आणि शिक्षकांची सुरुवातच उशिरा झाली, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

१९९१ ची जनगणना झाली तेव्हा देशात शंभरातल्या ३९ बायका साक्षर होत्या. ज्या जिल्ह्यांत बायांची साक्षरता ह्या सरासरीहूनही खाली होती, असे जिल्हे निवडून १९९४ मध्ये केंद्र सरकारनं जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातले पहिले पाच जिल्हे होते नांदेड, लातूर, परभणी, उस्मानाबाद आणि औरंगाबाद. पाचही आपल्या मराठवाड्यातले. त्यात अभिमान वाटावा असं काही नव्हतं, पण त्यातून आपल्या शिक्षकांना काही गोष्टी मिळाल्या. तालुक्याला गटसाधन केंद्र आलं. जवळपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र आणि त्यावर केंद्रप्रमुख, अशी बांधणी झाली. महिन्यातून एकदा शिक्षकांनी एकत्र बसायचं, एकमेकांच्या अडचणी सांगायच्या, जमलं तर एकानं धडा घेऊन दाखवायचा. आणि प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये मिळायचे, शिकवण्याची साधनं तयार करायला.

५०० रुपयांचा हिशोब आपल्याला गटात करता येतो. महिन्याला ४२ रुपयेही पडत नाहीत. काहींनी त्यात बाजारातून तक्ते आणून भिंतीला लावले आणि मोकळे झाले. पण ज्यांना जमलं त्यांनी तुराट्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या, सरकी आणि चिंचोके डब्यात भरले, जुन्या लग्नपत्रिकांच्या मागं शब्द लिहिले. तिथं बोर्डीची गोष्ट पुन्हा घडली. पैसा तेवढाच, पण कुठं तो भिंतीवर लटकला आणि कुठं लेकरांच्या हातात गेला.

पुढं सर्व शिक्षा अभियान आलं. त्यात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला २० दिवसांचं ट्रेनिंग, दिवसाला ७० रुपये खर्च, असा नियम होता. कागदावर चांगलं. पण दोन शिक्षकांच्या शाळेत हे २० दिवस आळीपाळीनं पुरे केले, तर ४० दिवस शाळा एकाच माणसावर पडते. पाचवीपर्यंतची शाळा वर्षाला २०० दिवस भरावी असं आता शिक्षण हक्काचा कायदा सांगतो. म्हणजे पाचातला एक दिवस गेला. आपल्या नळावरच्या तक्रारीचं मूळ इथं आहे. म्हणून नंतर त्यातले १० दिवस केंद्रपातळीवरच्या महिन्याच्या बैठकीला ठेवले. शिकणं तालुक्याच्या सभागृहातून शाळेच्या जवळ आणलं, हे शहाणपणाचं झालं. मोठ्या सभागृहात दिवसभर भाषण ऐकून जे कळत नाही, ते शेजारच्या शाळेतल्या बाईनं तासभर करून दाखवलेलं बघून कळतं. स्वयंपाक आपण असाच शिकलो ना?

२०२० च्या नव्या शिक्षण धोरणानं प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास शिकायला सांगितलं आहे. आठवड्याला हिशोब केला तर एक तासही पडत नाही. मोबाईलवर दीक्षासारख्या ठिकाणी पाठ फुकट मिळतात. तरीही शिक्षिका म्हणते वेळ नाही, आणि ते खरं आहे. खिचडीचा हिशोब, माहितीचे तक्ते, फोटो पाठवणं, सर्वेक्षण, ह्यात तिचा दिवस जातो. घरी गेली की तिलाही आपल्यासारखीच चूल असते. अंगणवाडीच्या ताईचं तर आणखी अवघड. वजनं, आहार, लसीकरणाचा दिवस, रजिस्टर, आणि एवढं करून तिला पगार नाही, मानधन. तिच्याकडून आपण अनुताईंची अपेक्षा करतो.

म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या. अनुताईंनी शिंपल्यांवर शाळा चालवली, ही थोर गोष्ट आहे. पण कुणी ती गोष्ट सांगून म्हणायला लागलं की "बघा, पैसे नसले तरी चालतं," तर त्याला तिथंच थांबवा. साधन स्वस्त असावं, पण शिक्षकाचा मान, पगार आणि वेळ स्वस्त धरू नये. जोतिरावांनी १२ रुपयांचं मागणं उगाच केलं नव्हतं. आणि रात्रशाळा ही अनुताईंची जिद्द होती, प्रत्येक बाईवर लादायची शिक्षा नव्हे.

मग आपल्या गटांनी काय करायचं? माझ्या मनात चार गोष्टी आहेत.

एक, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानं तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद आई-बाप असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बाया असल्याच पाहिजेत. पण पुष्कळ जागी आपण सही करून परत येतो. पुढच्या बैठकीत सही करायच्या आधी विचारा: ह्या वर्षी शिक्षकांचं ट्रेनिंग कधी आहे, त्या दिवशी वर्ग कोण घेणार? दोघं एकाच वेळी जाणार नाहीत आणि एक गेला तर काय व्यवस्था, हे आधी ठरलं तर लेकरांचा दिवस वाया जात नाही.

दोन, शिक्षकांचा वेळ. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचं काम सोडून शिक्षकाला शिकवण्याबाहेरच्या कामाला जुंपायचं नाही, असं शिक्षण हक्काचा कायदा सांगतो. शिक्षिका एकटी बोलली तर तिला अवघड जातं. ग्रामसभेत दहा बाया बोलल्या तर ऐकावं लागतं.

तीन, साधनं. कापसाच्या आणि तुरीच्या मुलखात तुराट्या, सरकी, चिंचोके, गजगे विकत आणावे लागत नाहीत. गटाची बैठक असते त्या दिवशी प्रत्येकीनं मूठभर आणलं, आणि अर्धा तास बसून मोजून जुड्या बांधल्या, तर शाळेचं वर्षाचं काम होतं.

चार, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, भाषा. आपल्या भागात तांड्यावरचं लेकरू घरात गोरमाटी बोलतं, कुठं तेलुगू, कुठं दखनी उर्दू. शाळेत आल्यावर त्याला मराठी कळत नाही, आणि बाई म्हणतात पोरगं मुकं आहे. ते मुकं नाही, बाईंना त्याची भाषा येत नाही. हे ट्रेनिंग तालुक्याला मिळणार नाही, ते तुमच्याकडं आहे. पाणी, भूक, ये, बस, दुखतंय का, असे पन्नास शब्द शिक्षिकेला शिकवा. दोन गाणी द्या, एक कहाणी सांगा. त्याला ना भत्ता लागतो ना बसभाडं. तांड्यावरची जी आजी कधी शाळेत गेली नाही, ती त्या दिवशी शिक्षिकेची शिक्षिका होते.

तेव्हा बायांनो, उद्या लेकरू म्हणालं की मॅडम ट्रेनिंगला गेल्या, तर कपाळाला आठी घालू नका. त्या परत आल्या की शाळेच्या दारात जाऊन विचारा, "काय शिकून आलात, बाई? आम्हालाही सांगा." असं विचारणारं कुणी गावात आहे हे कळलं, की शिकवणारीलाही शिकून यावंसं वाटतं.

आजच्यापुरतं इतकंच. राम राम.